आखणी

परळच्या कारखान्यात गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात. जूनमध्ये ताडपत्रीच्या मांडवात डोकावलं तर नुसते पाय दिसतात; कुठे एखादा हात भिंतीला टेकवून ठेवलेला, कुठे सोंड सुकत पडलेली. काथ्या प्लॅस्टरमध्ये बुडवून साच्यात थापायचा, सुटे भाग काढायचे, जोडायचे, सांधे घासायचे, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने. जुलै सरता सरता मूर्ती वीस-बावीस फुटांवर जाऊन पोचते, तरी तिला अजून नजर नसते. मग एक दिवस आखणीवाला येतो.

रंगाचे फवारे मारणारा कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता बंद होतो. बांबूच्या परांचीवर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, कारण एक माणूस हलला की सगळा सांगाडा हलतो. ब्रश बारीक, पण रेघ वीतभराहून लांब आणि ती एका दमात ओढायची. वरच्या पापणीची एक, खालच्या पापणीची एक, मग बुबुळ. खाली चहाचे ग्लास हातात धरून पोरं मान वर करून उभी असतात. कुणीच बोलत नाही. आखणीवाला उतरतो आणि लगेच ब्रश धुवायला जात नाही. तो उलटा चालत मांडवाबाहेर येतो, थेट रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथपर्यंत जातो आणि तिथून वळून बघतो. लोक बघणार ते तिथून. परांचीवर, मूर्तीच्या नाकासमोर उभं राहून सरळ वाटलेली नजर खालून बघताना लोकांच्या डोक्यावरून निघून जाते. म्हणून ती मुळातच थोडी खाली झुकवावी लागते, म्हणजे गर्दीतल्या बुटक्या आजीलाही वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय.

बघणारा कुठे उभा असेल, याचा इतका नेमका विचार करून केलेली कलाकृती या शहरात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

लालबाग-परळच्या माणसांची नजर या मूर्तींवर तयार झाली आहे. ऑगस्टातल्या रविवारी आगमनाच्या मिरवणुका निघाल्या की रस्त्याकडेला जे बोललं जातं, ते कान देऊन ऐकण्यासारखं असतं. बैठक कशी आहे, सोंडेचा वळसा कुठे जड झाला, बोटांची ठेवण कुणाच्या हातची, शेल्याची चुणी प्लॅस्टरची वाटते की कापडाची. ‘यंदा नजर नाही आली’, एवढ्या तीन-चार शब्दांत एखाद्या मूर्तीचा निकाल लागतो. गणेश गल्लीच्या मंडळाची स्थापना १९२८ ची. सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९७७ मध्ये, मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी तिथे २२ फुटी मूर्ती उभी केली, तिची आठवण आजही वयस्कर माणसं अशी काढतात, की जणू घरातलं लग्न. मूर्तिकार विजय खातू २०१७ मध्ये गेले, तेव्हा परळमध्ये माणसं मोठा कलावंत गेल्यासारखी हळहळली. लालबागच्या राजाची मूर्ती कांबळी घराणं पिढ्यानपिढ्या घडवतं, आणि त्या चेहऱ्याची ठेवण लहान पोरंही अंधारात हाताने चाचपून सांगतील.

या माणसांना कुणी रसिक म्हणत नाही. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख भाविक म्हणून येतो, गर्दी म्हणून येतो, लाखांच्या आकड्यात येतो.

करी रोडहून गाडी पकडली की चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि मग सीएसएमटी. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांत जहांगीर कलादालन. १९५२ मध्ये उघडलेली ही वास्तू, तिच्या दारावरचं ते लाटेसारखं छत आणि बाहेर फुटपाथवर मांडलेली चित्रं. आतल्या दालनात आठवडाभराची जागा मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं वाट बघतात. बाहेरचे चित्रकार पाऊस आला की चित्रांवर प्लॅस्टिक ओढतात. आत जायला तिकीट नाही, दारात कुणी अडवत नाही. तरी लालबागच्या रस्त्यावर बोटांच्या ठेवणीबद्दल तावातावाने बोलणारा माणूस इथे आला, तर त्याचा आवाज आपोआप उतरतो. भिंतीवरच्या चित्रासमोर तो हात मागे बांधून उभा राहतो आणि काही न बोलता पुढे सरकतो. पाच स्टेशनांच्या अंतरात त्याचं बोलणं कुठे गळून पडतं, हा प्रश्न इथे काम करणाऱ्या चित्रकारांपैकी काहींना फार जवळून लागला आहे.

सुधीर पटवर्धनांना तो सर्वांत खोल लागला. १९४९ चा पुण्याचा जन्म, वैद्यकीय शिक्षण तिथलंच, १९७३ मध्ये मुंबई, आणि १९७५ पासून तब्बल ३० वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय. दिवसभर एक्स-रेच्या प्रकाशात लोकांची हाडं, फुप्फुसं बघायची आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांची शरीरं कॅनव्हासवर उभी करायची. १९७७ च्या त्यांच्या चित्रात इराणी हॉटेलातला माणूस आहे. पुढे पूल आले, स्टेशनं, बांधकामं, नाले आले. खांद्यावर ओझं घेतल्यावर मान कुठे वळते, थकलेला माणूस बसतो तेव्हा वजन कुठल्या कुल्ल्यावर टाकतो, हे त्यांच्या चित्रांत शिकवणीशिवाय कळतं. ज्यांची चित्रं आपण काढतो, त्यांना त्या चित्रांत स्वतःची प्रतिमा सापडावी, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हणून ठेवलं होतं. म्हणजे बघणारा कुठे उभा आहे याचं त्यांचं उत्तर अवघड होतं: तो चित्राच्या आतही आहे आणि चित्रासमोरही आला पाहिजे.

तो समोर कसा यायचा? चित्र विकत घेणारं घर वेगळं, चित्रातलं घर वेगळं. १९८१ मध्ये जहांगीरमध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे गाजलेलं प्रदर्शन झालं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि पटवर्धन असे सहा जण. अमूर्ताच्या भरात माणूस चित्रातून बाहेर पडला होता, त्याला या सहा जणांनी पुन्हा आत आणून बसवलं. पण माणसासाठी जागा कॅनव्हासवर झाली तरी दालनात व्हायची राहिलीच होती. पुढे २००८-०९ च्या सुमारास पटवर्धनांनी समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं. मूळ चित्रं, ट्रकने, खोक्यांत भरून. मुंबई-दिल्लीच्या भिंती कधी न पाहिलेल्या लोकांसमोर ती लावली, आणि समजावून सांगायला माणसं उभी केली. एखादा डॉक्टर तालुक्याच्या गावी शिबिर घेतो, तसंच काहीसं.

त्यांचे मित्र गीव्ह पटेल हेही डॉक्टर. मुंबई सेंट्रलला दवाखाना, हातात कविता आणि ब्रश. विहिरीत वाकून बघताना पाण्यात दिसणारं आकाश, काठावरचं गवत आणि आपल्याच बघण्याची सावली, याची चित्रं पटेल वर्षानुवर्षं काढत राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. दोन डॉक्टर, दोघेही चित्रकार, दोघांच्याही बघण्यात तपासणाऱ्याची सावधता आणि काळजी. रोग्याला आधी हात लावायचा नाही, आधी नुसतं बघायचं. बघतानाच अर्धं कळतं, असं जुने डॉक्टर म्हणत, ते इथे आठवतं.

२००१ मध्ये पटवर्धनांनी ‘लोअर परेल’ हे चित्र केलं. त्या वर्षांत लोअर परळच्या पुलावर उभं राहिलं की एकाच वेळी दोन शहरं दिसत. एकीकडे गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आणि चिमण्या, दुसरीकडे त्यांच्या मागून वर निघालेल्या नव्या इमारती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. कुणी गावी परतले, कुणी भाजी विकायला लागले. आणि भोंगे बंद झाल्यावर जमिनीचा भाव बोलायला लागला. त्या पुलावरून रोज हजारो माणसं जात होती, पण गर्दीत थांबायला कुणाला फुरसत नव्हती. चित्रकार थांबला. मोडत्या आणि चढत्या शहराचं ते एकाच चौकटीतलं दृश्य त्याने धरून ठेवलं, आणि आता तो पूलही पाडून नवा बांधला गेला आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत पटवर्धनांच्या पाच दशकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. सर कावसजी जहांगीर हॉलचे ते गोल जिने चढत वर जावं, तसतसं शहर वाढत जात होतं.

गिरगावात चित्र बघायला पूर्वी जिना चढून कुठे जावं लागत नसे. ते टपालाने घरी येत असे.

दीनानाथ दलाल १९१६ मधले, रघुवीर मुळगावकर १९१८ मधले. दोघेही मूळचे गोव्याचे आणि दोघेही मुंबईत येऊन महाराष्ट्राच्या भिंतींवर जाऊन बसले. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आलं की घरात ते आधी बायका बघत, मग मुलं, आणि अंक वाचून झाल्यावर आतलं रंगीत पान हलक्या हाताने सोडवून काच लावायला दिलं जाई. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, मीटरच्या डब्याशेजारी, देव्हाऱ्याच्या वर, मुळगावकरांची लक्ष्मी किंवा दलालांची पाणवठ्यावरची मुलगी. त्या रंगांचा उजेड त्या खोल्यांना लागत असे. आज ती चित्रं गोडगोड म्हणून बाजूला सारली जातात. पण दलालांच्या रेषेत जो वेग आहे, एका वळणात पदर आणि पाठ दोन्ही सांगण्याची जी ताकद आहे, ती अनेक घरांतल्या अनेक मुलांना पहिल्यांदा पेन्सिल हातात घ्यायला लावून गेली. बघणारा जमिनीवर पाट टाकून बसला आहे, जेवतोय, मधूनच वर बघतोय, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

याच गिरगावातल्या एका चाळीत वासुदेव गायतोंडे वाढले. १९२४ चा जन्म, १९४८ मध्ये जे.जे. कलाशाळेची पदविका. चाळीत कधी एकांत नसतो. नळावर रांग, गॅलरीत वाळवण, कुणाच्या तरी घरी बाळाचं रडणं, कुणाच्या तरी घरी भजनाची तालीम. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने पुढे अशी चित्रं केली, की ज्यांत आवाज शिरायला जागाच नाही. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, वाट बघायची. वर्षाला मोजकीच चित्रं. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनच्या खोलीत मौनात गेल्यासारखे राहिले. २००१ मध्ये गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि २०२१ मध्ये त्यांचं १९६१ मधलं एक चित्र लिलावात सुमारे ४० कोटी रुपयांना गेलं. त्या आकड्याने गिरगावात क्षणभर चर्चा झाली असेल. पण गायतोंड्यांच्या चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तर आकडा विरघळून जातो. पिवळ्याच्या आत पिवळा, त्याच्या आत आणखी कसला तरी धूसर उजेड. या चित्राने बघणाऱ्याला उभं राहायला जागा दिलेली नाही. ती ज्याची त्याने शोधायची.

प्रभाकर बरव्यांची वाटही गिरगावाला लागूनच. ऑपेरा हाउसजवळ मामा परमानंद मार्गावर विणकर सेवा केंद्र आहे. हातमागाच्या विणकरांना नवी नक्षी मिळावी म्हणून सरकारने चित्रकारांना तिथे नोकरीला ठेवलं, आणि काही काळ आधुनिक भारतीय चित्रकलेतली मोठी माणसं साडीच्या काठाची आखणी करत बसली. बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात लागले, मग मुंबईला आले. धाग्याला धागा लागून वस्त्र होतं, तसा वस्तूला वस्तू लागून अर्थ होतो, हे त्यांच्या चित्रांत पुढे दिसत राहिलं: पान, घड्याळ, हँगर, शिंपला, सगळे आपापल्या जागी अधांतरी आणि तरीही एकमेकांशी बोलणारे. दरवाज्या-खिडक्यांना लावतात तो इनॅमलचा चकचकीत रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक गिरगावातल्या खटाववाडीतल्या ‘मौज’ने काढलं. चित्रकाराने मराठीत बसून आपल्या बघण्याचा इतका बारीक हिशेब क्वचितच मांडला आहे. ते पुस्तक अनेक चित्रकारांच्या कामाच्या टेबलावर असतं, पानांच्या कडांवर रंगाची बोटं उमटलेली. बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मुंबईत भरलं, तेव्हा त्यांच्या डायऱ्यांसमोर तरुण मुलं वाकून अक्षर लावत होती.

कॅलेंडरातली लक्ष्मी मात्र गेली नाही. ती वेगळ्या रूपात परत आली. अतुल डोडिया हे घाटकोपरचे. २००० च्या सुमारास त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढायला सुरुवात केली. मुंबईच्या माणसाला शटरचा आवाज पाठ असतो. सकाळी वर जाताना एक, दंगलीच्या बातमीने खाली येताना दुसरा. २००२ च्या त्यांच्या एका कामात शटरवर कॅलेंडरातली, कमळातली महालक्ष्मी आहे. शटर वर ढकललं की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्याच्या काळजीने जीव दिलेल्या मुलींच्या बातमीवरून आलेलं ते चित्र. देव्हाऱ्याच्या वरची लक्ष्मी आणि त्याच घरातली लग्नाची चिंता यांच्यामध्ये फक्त एक पत्रा. इथे बघणाऱ्याला नुसतं उभं राहता येत नाही; हात लावून शटर उचलावं लागतं, आणि मग जे दिसेल त्याला सामोरं जावं लागतं.

काही जणांनी दालन सोडून रस्ता धरला. तुषार जोग यांनी ‘युनिसेल’ नावाने लोकोपयोगी कामांचा जणू एक विभागच काढला आणि लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशाला अडकवून ठेवणारं उपकरण आखलं. बघणारा चालत्या गाडीत, एका पायावर उभा आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. २०१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ते गेले. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखतं विणून घेतली, स्वतः अंगावर चढवली आणि शहरातल्या सार्वजनिक जागी उभ्या राहून छायाचित्रं काढून घेतली. टोपलीचा, पाळण्याचा, सुपाचा वेत. त्याचंच संरक्षण आणि त्याचाच पिंजरा. वेताच्या फटींतून बाईला जग दिसतं आणि जगाला बाई तुकड्यातुकड्यांनी दिसते. २०१९ मध्ये ही चिलखतं व्हेनिसच्या द्वैवार्षिकात भारताच्या दालनात गेली.

काळा घोडा चौकातला घोडा १९६५ मध्ये तिथून हलवला. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला आणि दक्षिणेकडे फक्त नाव राहिलं. त्या नावाने १९९९ पासून कलामहोत्सव भरतो, त्या नावाने कलादालनांचा परिसर ओळखला जातो, २०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा नवा घोडाही उभा केला. पण मूळ घोडा अजून भायखळ्यातच आहे, झाडांखाली, रविवारी वाघ-हत्ती बघायला येणाऱ्या पोराटोरांच्या वाटेवर. त्याच्या शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, २००८ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा सजलेलं. तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींत मुंबईचे व्यवसाय, जातीजमाती, पगड्या आहेत, आणि त्याच कपाटांच्या मधून आजचे चित्रकार आपली कामं मांडतात. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टींनी मांडली, नंतर डोडियांनी. पिंजरा बघायला आलेलं कुटुंब वाट चुकून आत शिरतं, आणि बाप मुलाला खांद्यावर घेऊन समकालीन कलेसमोर उभा राहतो. त्याला ती समकालीन आहे हे माहीत नसतं. मूल विचारतं, हे काय आहे, आणि बाप काहीतरी सांगतो. ते काहीतरी मोलाचं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला वेगळीच चित्रसृष्टी उभी राहते. ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, चैत्यभूमीवर येणारी माणसं विदर्भातून, मराठवाड्यातून, दोन-दोन दिवस गाडीत बसून येतात. शिवाजी पार्कच्या कडेने पुस्तकांचे ढीग आणि त्यांच्याशेजारी तसबिरी. निळा कोट, खिशाला पेन, हातात ग्रंथ, वर केलेलं बोट. प्लॅस्टरचे अर्धपुतळे, बुद्धाचे मिटलेले डोळे. विकत घेणारी बाई अर्धपुतळा हातात फिरवून बघते, चश्म्याची काडी नीट बसली आहे ना ते तपासते, कपाळ बघते, आणि ‘हे साहेबांसारखं नाही दिसत’ म्हणून दुसरा उचलते. तो वर्तमानपत्रात गुंडाळून परतीच्या गाडीत मांडीवर जातो. परळच्या रस्त्यावरचीच ही नजर, फक्त निळ्या रंगातली. विक्रांत भिसे यांच्यासारखे चित्रकार आज ही माणसं, नामांतराचा लढा, दलित पँथरचे दिवस, कष्टाचे हात मोठ्या कॅनव्हासांवर आणत आहेत, आणि ती कॅनव्हासं दालनांत लागत आहेत. जवळच, इंदू मिलच्या जमिनीवर, बाबासाहेबांचा ३५० फुटी पुतळा उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्याची घडण धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांची, जे.जे.मध्येच शिकलेल्या शिल्पकाराची. जिथे माग चालत होते तिथे शिल्प. त्याचे डोळे किती खाली झुकवायचे, हा प्रश्न तिथेही कुणाला तरी पडलाच असेल.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा पहिल्यांदा भरला. पांढऱ्या तंबूंत देशभरातली दालनं, उत्तम प्रकाश, आणि अनेक वर्षांत एकत्र बघायला मिळाली नसती अशी चित्रं. त्या दिवसांत मुंबईत काम करणाऱ्या तरुण चित्रकाराचा जीव दोन्हीकडे ओढला जातो. विक्री झाली तर वर्षभराचं भाडं सुटतं, पुढचं काम निर्धास्तपणे करता येतं. ही काही लहान गोष्ट नाही. जिथे राहायलाच जागा पुरत नाही तिथे सहा फुटी कॅनव्हास ठेवायचा कुठे? कुणी डोंबिवलीत गाळा घेतो, कुणी घरातला पलंग दिवसा उभा करून ठेवतो, कुणी शाळेत चित्रकलेचे तास घेऊन रात्री स्वतःचं काम करतो. आणि ऑगस्टात, हात चांगला असेल तर, लालबागच्या कारखान्यात आखणीला, रंगकामाला, मंडळाच्या देखाव्याला जातो. त्या कामावर सही नसते. पण ते काम लाखो लोक बघतात, आणि दालनातलं सहीचं काम आठवड्याला काहीशे.

चंद्रपूरजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळशाने काढतात. घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबल्या, आणि ते कोळशानेच भिंतीवर माणसं उभी करतात: डोक्याच्या जागी दिवा, घर, हत्यार. त्यांची पहिली मोठी दखल २०१२ मध्ये कुलाब्याच्या ‘क्लार्क हाउस’ने घेतली, पुढे वेल्समधलं ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिक सहा कलावंतांत वाटून मिळालं, त्यांतले ते एक. थेट भिंतीवर काढलेलं चित्र प्रदर्शन संपल्यावर रंगाच्या हाताखाली जातं. जगभरच्या कलाजगताला याचं नवल वाटतं. लालबागमध्ये त्याचं नवल कुणाला वाटणार नाही. महिनोन्महिने खपून घडवलेलं अकराव्या दिवशी समुद्रात सोडायची सवय इथल्या हातांना आहे.

पण त्या सवयीलाही आता प्रश्न पडले आहेत. २०२० च्या साथीत मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली. लालबागच्या राजाची मूर्ती त्या वर्षी बसलीच नाही. मंडळाने रक्तदानाचा, आरोग्याचा उत्सव केला. उंच परांची चढणारे हात त्या वर्षी टेबलावर वीतभर डोळे आखत बसले. मग प्लॅस्टरवरच्या बंदीचा वाद न्यायालयात गेला. २०२५ च्या जूनमध्ये मूर्ती घडवण्याची वाट मोकळी झाली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाचे निर्बंध मात्र राहिले. समुद्राचं दुखणं खरं आहे; भरती ओसरल्यावर गिरगाव चौपाटीवर पडलेले हात-पाय बघून मूर्तिकाराच्याच पोटात सर्वांत आधी कालवतं. शाडूची बावीस फुटी मूर्ती उभी राहत नाही, कागदाच्या लगद्याला ती झळाळी येत नाही. म्हणून काही कारखान्यांत नव्या मिश्रणांचे प्रयोग चालू आहेत. कुणी तुकडे पाण्यात ठेवून बघतो, कुणी वजन करतो. पुढचं माध्यम कुठलं, हे ठरवणारी खरीखुरी कार्यशाळा सध्या ताडपत्रीखाली चालू आहे.

अनंत चतुर्दशीनंतर मांडव उतरतात. बांबू सुटतात, दोऱ्या गुंडाळल्या जातात, साचे माळ्यावर जातात. परळच्या त्या रिकाम्या जागेत मग फक्त जमीन उरते. चार महिने तिच्यावर फवाऱ्याचे रंग झिरपलेले असतात. जिथे मूर्तीचा पाट होता तिथे कोरा चौकोन, त्याच्याभोवती गुलाबीची कडा, तिच्यावर पितांबराचा पिवळा, सोनेरी शिंतोडे, बांबूंच्या पायांचे गोल ठसे, कुणाच्या तरी अनवाणी टाचेचा अर्धा निळा छाप. थरावर थर. हे कुणी कुणासाठी काढलेलं नाही, आणि ते कुठून बघायचं हेही कुणी ठरवलेलं नाही. सकाळी कामावर निघालेली माणसं त्यावरून चालत जातात, शाळेची मुलं उड्या मारत जातात. एखादा मध्येच पाय थांबवतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, खाली बघतो. परतीचा पाऊस त्या सुमारास कधीही येतो.